ट्वायला वाटेवर आहे

"आर्डी, ही यादी बघ. तुझी मैत्रीण येतेय," लव्होन म्हणाली आणि तिने कागद टेबलावरून पुढे सरकवला.

शुक्रवारची दुपार होती. आयोवातल्या ग्रुनविक कॉलेजच्या जिमच्या दाराशी टेबल मांडून दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या. उद्याच्या होमकमिंगला येणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या छातीवर लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहायचं काम गेली बावीस वर्षं आर्डिथ ओमेनकडे होतं, कारण तिचं अक्षर वळणदार होतं आणि तिला कोणाला नाही म्हणता येत नसे. लव्होन सोबतीला बसायची ती गप्पा मारायला आणि टेबलावरची बिस्किटं संपवायला. आर्डिथने चष्मा सारखा केला आणि लव्होनच्या बोटाखालचं नाव वाचलं. ट्वायला रेंकन, १९६८, मुलींचा बास्केटबॉल.

"येतेय," आर्डिथ म्हणाली.

"येतेय काय? तुला ठाऊकच असणार. पत्रात लिहिलं असेल तिने, आणि तू आमच्यापासून लपवून ठेवलंस. लबाड कुठली."

"हो," आर्डिथ म्हणाली. पेन चिठ्ठीवर तसंच टेकून राहिलं होतं आणि शाईचा गोल डाग पडला होता. ती चिठ्ठी चुरगाळून तिने पर्समध्ये टाकली आणि दुसरी घेतली.

ट्वायलाचं पत्र तिला आलं नव्हतं. यंदा नाही आणि त्याआधीच्या एक्कावन्न वर्षांतही नाही.

यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं, ते कळायला ग्रुनविकची हजेरी ठाऊक असावी लागते. खेळात या कॉलेजने फार दिवे लावले अशातला भाग नाही. एकतीस साली फुटबॉलच्या संघाने सगळेच्या सगळे सामने हरून दाखवले. शेजारच्या लॅम्बर्ट कॉलेजशी दर वर्षी दुधाच्या एका जुन्या कॅनसाठी सामना होतो, आणि हरणाऱ्या कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यातलं पहिलं पेलाभर दूध सगळ्यांसमक्ष प्यायचं असतं. ग्रुनविकच्या प्राचार्यांची हाडं फार मजबूत असतात, असं गावात म्हणतात.

पण हजेरी ग्रुनविकचीच. एकोणीसशे एकोणीसच्या ऑक्टोबरात जुन्या खेळाडूंचा सामना ठरला होता. युद्ध संपून वर्ष होत आलं होतं, मधल्या फ्लूच्या साथीनेही पुष्कळ माणसं नेली होती, आणि मैदानात अकरा जणसुद्धा जमेनात. तेव्हा प्रशिक्षकाने सतरा सालच्या संघाची यादी काढली आणि एकेक नाव पुकारलं. चौघांनी ओ दिली. ज्यांची पत्रं मित्रांना आली होती, त्यांच्या वतीने मित्र म्हणाले, "वाटेवर आहे," कारण फ्रान्सहून पोरांना घेऊन येणारी जहाजं अजून लागत होती. जे गेले होते त्यांच्या नावाला चॅपलची घंटा एकदा वाजली. राहिली तीन नावं. त्यांवर कोणीच काही बोललं नाही. प्रशिक्षकाने सोमवारी त्या तिघांच्या घरी पत्रं टाकली, आणि त्यातला एक शिकागोच्या इस्पितळात सापडला. त्याला कोणी न्यायला आलं नव्हतं, म्हणून तो सात महिने तिथेच पडून होता.

तेव्हापासून होमकमिंगच्या शनिवारी बाराच्या ठोक्याला चॅपलमध्ये सगळ्या खेळांची, सगळ्या सालांची हजेरी होते. मुलींची नावं यादीत यायला सत्तावीस साल उजाडलं. रीत अजून तीच आहे. जो आलाय त्याने हजर म्हणायचं. आला नसेल, पण त्या वर्षी त्याचं पत्र ज्याला आलंय, त्याने वाटेवर आहे म्हणायचं. आणि कोणीच बोललं नाही, तर सोमवारी पत्र निघायलाच हवं. पत्राशिवाय उत्तर द्यायचं नाही. चोपन्न साली एकाने तुरुंगातल्या भावासाठी खोटं उत्तर दिलं होतं, त्याचं नाव लोक अजून आवाज खाली आणून घेतात.

अडुसष्टच्या ऑक्टोबरात ट्वायलाला कॅलिफोर्नियाला जाऊन चारच महिने झाले होते. हजेरीत तिचं नाव आलं, बाकावर क्षणभर सगळे गप्प झाले, आणि आर्डिथच्या तोंडून निघून गेलं, "वाटेवर आहे." खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. पत्र येणारच होतं, याच आठवड्यात, फार तर पुढच्या. दोन दिवस आधी बोललं म्हणून काय बिघडलं, असं तिला वाटलं. पत्र आलं नाही. पुढच्या वर्षी गप्प बसावं तर आधीचं खोटं उघडं पडणार, म्हणून ती पुन्हा बोलली. मग बाहेर पडताना लव्होनने विचारलं, "काय म्हणते ट्वायला?" आणि आर्डिथने बियाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिलेलं लिंबाचं झाड ट्वायलाच्या अंगणात लावून दिलं.

ते झाड वाढत गेलं. ट्वायला फ्रेस्नोच्या शाळेत शिकवत राहिली, तिने निळी मोटार घेतली, एका हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ती बरीही झाली. नवरा मात्र आर्डिथने तिला कधी दिला नाही. लव्होन दर दोन-चार वर्षांनी विचारायची, "अगं, लग्नबिग्न?" आर्डिथ म्हणायची, "तसलं काही लिहीत नाही ती." लव्होन हसायची. "आणि पन्नास वर्षं वाटेवर आहे म्हणजे काय गं? चालत येतेय की काय तुझी मैत्रीण?"

त्या दोघी खेळत तेव्हा मुलींचा बास्केटबॉल सहा-सहा जणींचा असे. मैदानाच्या मधोमध रेषा. तिघी एका बाजूला, चढाईवाल्या, त्यांनी फक्त बास्केट करायच्या. तिघी दुसऱ्या बाजूला, बचाववाल्या, त्यांनी फक्त अडवायचं. रेषा कोणी ओलांडायची नाही. मुलींच्या नाजूक जिवाला पूर्ण मैदान धावणं सोसणार नाही, असं ज्या पुरुषांनी ठरवलं, त्यांच्या घरच्या बाया पहाटे उठून बारा-बारा गाईंचं दूध काढत होत्या. ट्वायला चढाईवाली, आर्डिथ बचाववाली. चार वर्षं आर्डिथने दुसऱ्या संघाच्या हातून चेंडू काढून रेषेपर्यंत आणला आणि पलीकडे ट्वायलाच्या हातात दिला. मग तिचं काम संपायचं आणि ती तिथे उभी राहून ट्वायलाची पाठ बघायची. वर्तमानपत्रात ट्वायलाचे गुण छापून येत. बचाववाल्यांची नावंसुद्धा येत नसत. आर्डिथला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ट्वायलाची वेणी उजव्या खांद्यावर उडाली म्हणजे चेंडू जाळीत जाणार, हे तिला प्रेक्षकांच्या आधी कळायचं, आणि तेवढं तिला पुरत होतं.

तिचं ट्वायलावर प्रेम होतं. हे वाक्य तिने मनातल्या मनात पहिल्यांदा सरळ म्हटलं ते वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, नवरा वारल्यावर, भांडी घासताना. वेंडेल भला माणूस होता, दोन मुली झाल्या, संसारात उणं काही नव्हतं. पण दर ऑक्टोबरात हजेरीच्या आठवड्यात तिचं जेवणावरून मन उडायचं, आणि वेंडेलने कारण विचारलं नाही म्हणून ती त्याची जन्मभर ऋणी होती. त्या काळी त्या गावात असल्या प्रेमाबद्दल बोलायची सोय नव्हती. न बोलता राहायची सवय एकदा लागली की सुटत नाही, आणि आर्डिथची सुटली नाही.

अडुसष्टच्या मे महिन्यात जिमच्या मागच्या पायरीवर दोघी बूट सोडत बसल्या असताना ट्वायला म्हणाली होती, "मला फ्रेस्नोला शाळेत नोकरी लागलीय. तिथे अजून एक जागा आहे. येतेस?" आर्डिथ नाडीच्या गाठीकडे बघत राहिली. तिला हो म्हणायचं होतं. पण आयोवात केकचा तुकडासुद्धा तीनदा विचारल्याशिवाय कोणी उचलत नाही. पहिल्यांदा विचारलं की मान खाली घालायची, दुसऱ्यांदा नको नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. आर्डिथने मान खाली घातली आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघितली. ट्वायलाने बूट पिशवीत भरले आणि ती उठून गेली. जूनमध्ये तिची बस सुटली तेव्हा आर्डिथ घरी कोंबड्यांना दाणे टाकत होती.

पुढे कॉलेजच्या वाचनालयात नोकरी करताना समोर कॉम्प्युटर आला, तेव्हा एकदा आर्डिथने ट्वायलाचं नाव त्यात टाकलं होतं. काही दिसायच्या आत तिने तो बंद केला. जर मृत्यूची बातमी निघाली असती, तर हजेरीत घंटा वाजवू द्यावी लागली असती.

शनिवारी सकाळी मिरवणूक निघाली. ट्रॅक्टर, बँड, आणि उघड्या मोटारीत गोधडी पांघरून कुडकुडत हात हलवणारी, मुलांनी निवडलेली यंदाची राणी. आर्डिथ टेबलापाशी बसून होती. आजारी पडावं, असं तिने सकाळपासून तीनदा ठरवलं होतं. ट्वायला एक शब्द वेगळा बोलली की एक्कावन्न वर्षांचं खोटं गावासमोर येणार होतं. तेही सोसलं असतं एक वेळ. पण ते ट्वायलासमोर येणार होतं, आणि मग ट्वायला तिच्याकडे कशी बघेल, याचा विचार आला की ती पुढ्यातल्या चिठ्ठ्या उगाच पुन्हा मोजत होती. आणि एवढं असूनही ती दर मिनिटाला दाराकडे बघत होती.

"रेंकन. अडुसष्ट," समोरून आवाज आला.

उंच, जराशी वाकलेली, हातात काठी. केस पांढरे आणि आखूड. तिने टेबलावरची चिठ्ठी उचलली आणि हात लांब धरून वाचली.

"अक्षर बदललं नाही तुझं," ट्वायला म्हणाली.

"केस कापलेस," आर्डिथ म्हणाली. एक्कावन्न वर्षांनी तिला सुचलं ते हे.

"एक्याऐंशी साली."

आर्डिथ पुढे काही बोलणार तोच लव्होन कॉफीचे दोन पेले घेऊन आली, ते तिने यादीवरच ठेवले आणि ट्वायलाला घट्ट मिठी मारली. "ये गं बाई, पोचलीस एकदाची. एवढा प्रवास झेपला ना? आणि तुझ्या लिंबाच्या झाडाला पाणी कोण घालतंय सध्या?"

ट्वायलाने लव्होनकडे बघितलं. मग तिने आर्डिथकडे बघितलं. आर्डिथचे कान तापले होते आणि ती पेनाचं टोपण लावत होती, काढत होती.

"शेजारीण," ट्वायला म्हणाली.

"यंदा धरली का लिंबं? गेल्या वर्षी कीड पडली होती म्हणे."

"यंदा उतू चाललीत. वाटून वाटून कंटाळले मी."

"आणि ती निळी मोटार?"

"विकली. चढ चढेना बिचारीला."

लव्होन खूश झाली. "बघ, आम्हाला सगळं ठाऊक असतं. आर्डी तुझी पत्रं आम्हाला तोंडपाठ सांगते."

"असं का," ट्वायला म्हणाली आणि तिने चिठ्ठी छातीवर लावली. आर्डिथला आठवलं, कितीही वाकडा चेंडू गेला तरी ट्वायला तो झेलायची, आणि मग सामना संपल्यावर बाजूला घेऊन झापायची.

दहा वाजता म्हाताऱ्यांचा सामना होता. तो अजून जुन्याच पद्धतीने होतो, सहा-सहा जणी, मधे रेषा, फक्त आता पळायचं नाही. पळलं की शिट्टी. ट्वायलाचा गुडघा नवा बसवलेला, म्हणून तिला बास्केटखाली खुर्ची दिली. खुर्चीत बसून खेळायला नियमात मनाई नव्हती, कारण नियम करणाऱ्यांना ते सुचलंच नव्हतं. आर्डिथने एकदा चेंडू मिळवला, चालत रेषेपर्यंत आणला आणि थांबली. पंच कॉलेजातली पोरगी होती, रेषा ओलांडली असती तरी तिने शिट्टी मारली नसती. आर्डिथने चेंडू टाकला. ट्वायलाने तो घेतला, वळून फेकला, तो कड्याला लागून परत आला. "खुर्ची बुटकी आहे," ट्वायला कोणाला तरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. आर्डिथ रेषेवर उभी राहून तिची पाठ बघत होती. वेणी नव्हती तिथे. आर्डिथला इतकं भरून आलं की पुढचा चेंडू तिच्या कानाजवळून गेला तरी तिला कळलं नाही.

सामना संपल्यावर ट्वायला म्हणाली, "चल, तुमची ढालींची कपाटं दाखव मला." लव्होनही निघाली होती, पण ट्वायलाने तिला दालचिनीच्या रोलांची रांग बघून यायला पाठवलं. काचेच्या कपाटांच्या त्या लांब बोळात दोघीच उरल्या. अडुसष्टच्या संघाच्या फोटोसमोर बाक होता. ट्वायला त्यावर हळूच बसली आणि तिने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"माझ्या अंगणात लिंबाचं झाड आहे, हे मला आज कळलं," ती म्हणाली.

"मी सांगते तुला," आर्डिथ म्हणाली.

"थांब. आधी मी सांगते. कॅलिफोर्नियात मी दोन वर्षं होते फक्त. जमलं नाही तिथे. सत्तर सालापासून ओमाहात आहे मी. शाळेत शिकवलं, पोरींना बास्केटबॉल शिकवला. अंगणात माझ्या फक्त गवत आहे."

ओमाहा. मोटारीने तीन तास. वेंडेल वर्षातून दोनदा गुरं विकायला ओमाहाला जायचा आणि आर्डिथ बरोबर जायची. बाजार आटोपेपर्यंत ती गावात हिंडायची, दुकानं बघायची, कधी बागेत बसायची. आता ते सगळे रस्ते तिच्या डोळ्यांसमोर आले आणि ती भिंतीला टेकली.

"हजेरीत माझ्या नावाला उत्तर कोण देतं?" ट्वायलाने विचारलं.

"मी."

"किती वेळा दिलंस?"

"प्रत्येक वेळी."

"पत्राशिवाय."

"पत्राशिवाय. तुझं नाव पुकारलं आणि सगळे गप्प बसले, हे मला ऐकवलं नसतं, ट्वायला. तुझं इथे कोणीच नाही, असं वाटलं असतं लोकांना. मला वाटलं असतं."

ट्वायलाने समोरच्या फोटोकडे बघितलं. त्यात ती चेंडू घेऊन मधे बसली होती, आणि आर्डिथ मागच्या रांगेत कडेला, अर्धी दुसरीच्या खांद्याआड.

"आमचं शेत विकलं गेलं, आईबाबा गेले," ट्वायला म्हणाली, "तरी मी दर सप्टेंबरात इथल्या पोस्टात कार्ड टाकायचे. माझ्या नावाने काही आलं तर या पत्त्यावर पाठवा म्हणून. का टाकायचे, सांग. मला रीत ठाऊक होती. कोणी उत्तर दिलं नाही की सोमवारी पत्र निघतं. मी म्हणायचे, तिथे माझ्यासाठी बोलणारं कोण आहे? कोणीच नाही. म्हणजे पत्र येणार. दर ऑक्टोबरात रोज पेटी उघडून बघायचे. पत्र आलं असतं तर मी आले असते, आर्डी. बोलावल्यासारखं झालं असतं. न बोलावता कसं यायचं?"

आर्डिथला आधी नुसते शब्द ऐकू आले. मग त्यांचा अर्थ लागला आणि तिने तोंडावर हात ठेवला. ट्वायलापर्यंत जाणारी एकच वाट होती, आणि ती तिने स्वतः, दर वर्षी, चॅपलमध्ये उभं राहून बंद केली होती.

"पत्र येईना तेव्हा कळलं, कोणीतरी उत्तर देतंय," ट्वायला म्हणाली. "पण मी तर कोणाला लिहीत नव्हते. मग कोण? गुडघा बदलला तेव्हा म्हटलं, मरायच्या आधी ते कोण आहे, एवढं तरी बघून यावं."

"तुला कोण वाटलं?"

"वाटायचं, तूच असशील. आणि वाटायचं, तू नसावीस. तूच असलीस, तर मला पत्र का टाकत नाहीस, ते कळेना मला."

"तू गेली होतीस. जाणाऱ्याने आधी लिहायचं असतं."

"मी विचारलं होतं. उत्तर तू द्यायचं होतंस."

"एकदाच विचारलंस," आर्डिथ म्हणाली. आवाज तिचा तिलाच लहान मुलीसारखा वाटला.

"तीनदा विचारायला हवं होतं?" ट्वायला काठीवर भार देऊन उठली. "मला एकदा विचारायलाच चार वर्षं लागली, आर्डी."

चॅपलची घंटा होऊ लागली. ट्वायला एकटीच पुढे निघाली, आणि आर्डिथ तिच्या मागे, चार पावलांचं अंतर ठेवून.

चॅपल भरलं होतं. आर्डिथ लव्होनशेजारी नेहमीच्या बाकावर बसली. ट्वायला मधल्या वाटेच्या पलीकडे, बाकाच्या टोकाला, पाय लांब करून बसली होती. पाद्री फोल्कर्ट्स चष्मा लावून नावं वाचू लागले. त्यांना इथे येऊन दहाच वर्षं झाली होती, पण नावं ते अशी वाचत की सगळ्यांबरोबर लहानपणी खेळले असावेत. फुटबॉलची सालं गेली. कोणी हजर म्हणालं, कोणाच्या मुलाने वडिलांसाठी वाटेवर आहे म्हटलं. मधूनमधून घंटा वाजली, आणि दर वर्षीप्रमाणे यंदाही ती गेल्या वर्षीपेक्षा जास्त वेळा वाजली.

"मुलींचा बास्केटबॉल. अडुसष्ट."

अडुसष्टच्या नऊ जणी. तिघींना घंटा झाली. लव्होन मोठ्याने हजर म्हणाली. आर्डिथचं माहेरचं नाव आलं, तिने हजर म्हटलं.

"ट्वायला रेंकन."

कोणी बोललं नाही. लोक मान वळवून ट्वायलाकडे बघू लागले. तिचं नाव तिच्या छातीवर, आर्डिथच्या वळणदार अक्षरात, सगळ्यांना दिसत होतं. ट्वायला समोर बघत होती. दोन्ही हात काठीच्या मुठीवर, ओठ मिटलेले.

"अगं, बोल की," लव्होन पलीकडे वाकून कुजबुजली. ट्वायला हलली नाही. तेव्हा लव्होनने आर्डिथला कोपर मारलं. "मग तू बोल. तुम्हा दोघींचं डोकं फिरलंय का?"

ते दोन शब्द आर्डिथच्या जिभेवर येऊन बसले होते. एक्कावन्न वर्षांची सवय होती, तोंड उघडलं असतं तर आपोआप बाहेर पडले असते. तिने दात घट्ट मिटले. ट्वायला का गप्प आहे हे तिला समजलं होतं, आणि आपण गप्प बसलो तर पुढे काय होणार हेही.

पाद्र्यांनी चष्म्यावरून ट्वायलाकडे बघितलं, मग आर्डिथकडे. ते शहाणे गृहस्थ होते. त्यांनी नाव पुन्हा एकदा पुकारलं, दहापर्यंत मोजावं एवढा वेळ थांबले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "उत्तर नाही. पत्र कोण लिहील?"

आर्डिथ उभी राहिली. "मी लिहीन."

"पत्ता आहे तुमच्याकडे?"

हा प्रश्न विचारायचा म्हणून विचारतात. लोक हो म्हणतात आणि खाली बसतात.

"नाही," आर्डिथ म्हणाली. "माझ्याकडे तिचा पत्ता कधीच नव्हता. तिचं एकसुद्धा पत्र मला आलेलं नाही. मी दर वर्षी इथे उभी राहून खोटं बोलले."

मागच्या बाकांवर कुजबूज झाली. लव्होनने मान वर करून तिच्याकडे बघितलं. "लिंबाचं झाड?"

"नाही, लव्होन. ते मी लावलं."

"मोटारसुद्धा?"

"मोटारसुद्धा."

आर्डिथ बसली नाही. पुढच्या बाकाची पाठ धरून ती उभी राहिली. सगळं गाव बघत होतं, आणि तिला फक्त मधल्या वाटेच्या पलीकडची ती एक पाठ दिसत होती. मग ट्वायला वळली. उठली नाही, पण वळून सरळ तिच्याकडे बघितलं.

"लिहून घे," ट्वायला म्हणाली. "एकवीसशे चौदा, हिकरी स्ट्रीट. ओमाहा, नेब्रास्का."

आर्डिथने पर्समधून पेन काढलं आणि स्तोत्रांच्या कागदाच्या मागे लिहिलं. लिहून झाल्यावर तिने कागदावरून नजर वर केली. आयुष्यात तिने कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता अख्ख्या चॅपलसमोर ती म्हणाली, "पत्र टाकू, की घेऊनच येऊ? मला यायचंय, ट्वायला. मला तेव्हाही यायचं होतं."

पाद्र्यांनी यादी खाली ठेवली.

"आधी टाक," ट्वायला म्हणाली. "एक्कावन्न वर्षं मी ती पेटी उघडतेय. एकदा त्यात पत्र सापडू दे मला. मग ये."

आर्डिथने मान हलवली, हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि पिनकोड विचारला.